अर्जुनानं चेहऱ्याचं विचारलं नव्हतं

टिटवाळ्याच्या महागणपतीला आजवर कुणी विचारलेलं नाही की, "काय हो, बरं नाही का? चेहरा असा का?" मला मात्र दिवसातून दोन-चारदा विचारतात. चेहरा त्याचाही हलत नाही, माझाही हलत नाही. त्याच्यापुढे मंगळवारी रांग लागते, आणि परतीच्या लोकलमधून आंबिवलीला उतरताना बायका एकमेकींना सांगतात, आज मूर्ती काय प्रसन्न होती! माझ्यापुढून उठून गेलेला पाहुणा जिन्यात थांबून माझ्या मुलाला हळूच विचारतो, "अण्णा आमच्यावर नाराज आहेत का?"

मला पार्किन्सन्स आहे. उजवा हात कापतो, उंबऱ्याशी आलं की पाय जागच्या जागी अडतो, अक्षर मुंगीएवढं झालंय म्हणून हा मजकूर मी सांगतोय आणि नात लॅपटॉपवर उतरवून घेतेय. हे सगळं लोकांना दिसतं आणि लोक सांभाळूनही घेतात. चेहऱ्याचं तसं नाही. हात कापला तर आजार, चेहरा हलला नाही तर स्वभाव! वर्षानुवर्षं ओळखणारी माणसंसुद्धा 'म्हातारा तुसडा झालाय' असं धरून चालतात. नाहीतर एकदम दुसरं टोक गाठतात, आणि ते मला जास्त लागतं. म्हणतात, "अण्णा, तुम्ही अगदी स्थितप्रज्ञ झालात हो."

त्याबद्दल बोलायचंय. पण आधी आजाराचं थोडं सांगतो.

मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन तयार करतात. त्या मरत गेल्या की आपल्या नकळत होणाऱ्या हालचाली आटत जातात. चालताना हात हलणं, पापणी लवणं, लाळ गिळणं, कुणाचं ऐकता ऐकता ओठाच्या कोपऱ्यात हसू येणं, हे सगळं त्यात आलं. माझी नात फिजिओथेरपी शिकते. तिनं समजावलं की ठरवून हसणं आणि हसू येणं यांचे मेंदूतले रस्ते वेगळे आहेत. 'हसा' म्हटलं की मी अजून हसू शकतो, जरा उशिरा आणि जरा वाकडं. हसू येत मात्र नाही. म्हणजे ज्या हसण्याला आपण एरवी खोटं म्हणतो तेवढंच माझ्याकडे शिल्लक राहिलंय, आणि खरं असतं ते आतच राहतं.

कल्याणचे डॉक्टर तपासताना चेहऱ्याला गुण देतात, शून्य ते चार. शून्य म्हणजे निरोगी. मला दोन मिळतात: पापण्या कमी लवतात, ओठांभोवतीची हालचाल मंदावलीय, पण तोंड अजून आपसूक मिटलेलं राहतं. कमी गुण मिळाले म्हणून आनंद होण्याची वेळ शाळेत कधी आली नव्हती, ती आता आली.

लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो सगळा सहा माणसांवरून. त्यातले तिघे तर त्यानं नुसते रस्त्यात पाहिलेले. तरी त्यानं एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवली की या माणसांच्या संवेदना आणि बुद्धी शाबूत असतात. पुढच्या डॉक्टरांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण मला ते वाक्य आवडतं. त्यानं माणसं लांबून पाहिली आणि तरी आत कुणीतरी आहे हे धरून चालला. चेहऱ्याकडे नीट लक्ष गेलं ते पुढे पॅरिसच्या शार्कोचं. आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं तेही त्यानंच.

आता माझी नोकरी. एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये, मी टाइम ऑफिसात होतो. कारखाना २००९ पासून बंद आहे, पण आमच्या मोहने गावाला वळण आहे ते त्यानंच लावलेलं. पाळी सुटली की आमच्या खिडकीसमोरून माणसांचा लोंढा जायचा. कुणाची रात्रीची उतरलेली नाही, कुणाच्या घरी पोर आजारी आहे, कोण अर्धी रजा मागताना थाप मारतोय, हे आम्हाला कळायचं. लोक म्हणत, अण्णा चेहरा वाचतात. मला मात्र तेव्हाही ठाऊक होतं की चेहऱ्यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं. थाप मारणारा चेहरा सांभाळून येतो. पाय सांभाळायचे त्याच्या लक्षात राहत नाहीत. मी चपला बघायचो. डबा कुठल्या हातात आहे, कार्ड खिशातून काढायला किती वेळ लागतोय, ते बघायचो. आणि शंका आली की सरळ विचारायचो, "काय रे, काय झालं?" एवढं विचारून आपण गप्प बसलो की समोरचा मिनिटाभरात बोलायला लागतो. बहुतेकांना गप्प बसणं जमत नाही, एवढीच अडचण असते.

तर स्थितप्रज्ञ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन कृष्णाला विचारतो की ज्याची बुद्धी स्थिर झालीय तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? प्रश्न सरळसरळ ओळख पटवण्याचा आहे, आमच्या टाइम ऑफिसातला. गर्दीतून असा माणूस गेला तर ओळखू कसा? गंमत अशी, की या यादीत अर्जुनानं चेहरा घेतलेलाच नाही. आणि कृष्ण पुढे अठरा श्लोक बोलतो, त्यात पाहणाऱ्याच्या कामाला येईल अशी एकही खूण देत नाही. सांगतो ते सगळं आतलं. मनातल्या इच्छा गळून पडल्या, दुःखानं खचत नाही, सुखाची हाव नाही, राग-भय-आसक्ती गेली. बसतो तर माझ्या ठायी चित्त ठेवून बसतो, वावरतो तर रागद्वेष टाकून वावरतो. आता हे गेटवरच्या क्लार्कनं कसं तपासावं? विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात याच अठरा श्लोकांवर व्याख्यानं दिली. त्यांचं 'स्थितप्रज्ञ-दर्शन' कारखान्याच्या कॉलनीत राहत असताना मी वाचलं होतं, तेव्हा धडधाकट होतो. आजारी पडल्यावर पुन्हा उघडलं. त्यातला कासवाचा दाखला आता वेगळाच दिसतो. कासव आपले अवयव आत ओढून घेतं, पण ते स्वतः घेतं आणि हवे तेव्हा बाहेर काढतं. माझे कुणीतरी परस्पर आत ओढलेत, आणि बाहेर काढायची किल्ली सिंडोपाच्या, म्हणजे माझ्या रोजच्या औषधाच्या, गोळीत आहे.

आत काय चाललेलं असतं ते सांगतो. भारत मॅच हरला की मला अजून रात्री झोप लागत नाही. आमटीत मीठ कमी पडलं की चिडतो. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीतलं एक वाक्य अजून मध्यरात्री डोक्यात येतं आणि मी त्याला नवनवी उत्तरं रचतो. सुनेचा फोन लागला नाही, गाड्या उशिरा धावतायत म्हणाले, की छातीत धडधडतं. असल्या माणसाला स्थितप्रज्ञ म्हणायचं म्हणजे गीतेचाही अपमान आणि माझाही. जे मी कमावलेलं नाही ते माझ्या नावावर जमा, आणि जे माझं स्वतःचं आहे, राग, लोभ, काळजी, हौस, ते सगळं परस्पर खात्यातून वजा! कौतुक करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. त्याला वाटतं आपण म्हाताऱ्याला बरं वाटेल असं बोललो.

याच्या उलट प्रकारही झाला, तो तर ऐकण्यासारखा आहे. आमचं छोटं भजनी मंडळ आहे. पूर्वी मी टाळ वाजवायचो, आता खांबाला टेकून बसतो. एका एकादशीला शहाडच्या बिर्ला मंदिरात, विठ्ठलापुढे, आमची सेवा होती. सेवा लांबली, गोळीची वेळ टळून गेली, आणि गोळी उतरली की काय होतं ते पार्किन्सन्सवाल्यालाच ठाऊक. हात जोरजोरात कापायला लागला. अंग ताठलं. घाम फुटला. पापण्या कमी लवतात म्हणून माझे डोळे चुरचुरतात आणि पाझरतात, ते गालावर आले. बरोबर म्हणावं तर आवाज फुटेना. समोर बसलेल्या एका आजी हे एकटक पाहत होत्या. अभंग संपला तशा त्या उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि पायावर डोकं ठेवलं. "माउली, काय भाव लागला हो तुमचा!" मी म्हणालो, "आजी, गोळी चुकलीय." आवाज इतका खोल गेला होता की त्यांनी ते नामस्मरणच समजलं असावं. त्यांनी पुन्हा एकदा नमस्कार केला.

आजींना हसण्यात अर्थ नाही. त्या परंपरेप्रमाणे बरोबरच पाहत होत्या. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. भक्तीच्या वाटेनं चालणाऱ्यांनी ते आपलेसे केले, ज्ञानेश्वरीतही अष्टसात्त्विक भाव येतात. ओढूनताणून आणता येत नाहीत, मन एकाग्र झाल्याशिवाय उमटत नाहीत, म्हणून त्यांची किंमत. आता यादी माझ्याशी ताडून पाहा. अंग ताठणं, घाम, आवाज बसणं, कंप, डोळ्यांत पाणी. आठातले पाच गोळी उतरली की हजर, विठ्ठलाला त्यासाठी काही करावं लागत नाही. आणि ज्या दिवशी नातीला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं, तिनं येऊन मला नमस्कार केला, त्या दिवशी आत माझं काय काय झालं, पण बाहेर काही नाही. सून मुलाला म्हणाली, "अण्णांना नीट कळलं का?" भाव नव्हता तिथे खुणा होत्या, आणि भाव होता तिथे एक खूण नव्हती.

मंडळात एक निवृत्त संस्कृतचे शिक्षक येतात. त्यांच्यापाशी मी हे बोललो तेव्हा त्यांनी न्यायशास्त्रातला धूर काढला. धूर दिसला की अग्नी आहे म्हणावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, हे मात्र चालत नाही. लोखंडाचा लालबुंद तापलेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीच्या जोडीला ओलं सरपण लागतं. नैयायिक त्याला उपाधी म्हणतात, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, जो विद्यार्थ्यांचा पहिला धडा, त्यातच हे दिलेलं आहे. गुरुजी म्हणाले, "तुमचं डोपामिन म्हणजे ते ओलं सरपण." मला हे पटलं. लोक माझ्याकडे पाहून म्हणतात, धूर नाही, म्हणजे चूल विझली.

पण गुरुजींपुढे मी माउलींचीच एक अडचण ठेवली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, ज्ञानाची लक्षणं सांगण्याआधी, माउली सांगतात की आतलं ज्ञान बाहेर दिसल्याशिवाय राहत नाही. झाडाच्या टवटवीवरून वसंत आल्याचं कळावं तसं. अहिंसेवर बोलताना तर अहिंसा मनात रुजलेला माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, पाहतो कसा, हात कसे ठेवतो, हे ते पाहात राहावं असं रंगवतात. मन कोरडं असेल तर हातापायात अहिंसा येणार कुठून, असा त्यांचा रोख. म्हणजे आत-बाहेरचं नातं तोडता येत नाही. ते तोडून 'सगळं आतच असतं' म्हणत बसणं ही मलाही पळवाट वाटते. तसं म्हटलं तर कुणीही निष्ठुर माणूस उठून सांगेल की माझ्या आत करुणा भरलीय, फक्त दिसत नाही.

गुरुजी त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माउलींच्या त्या वर्णनात पाऊल आहे, वाणी आहे, नजर आहे, हात आहे. वाटा बऱ्याच आहेत. एक बुजली तर दुसरीकडून बघावं. मला ते माझ्या चपला बघण्यासारखं वाटलं.

नातीनं दुसऱ्या बाजूनं पेचात धरलं. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १८८४ साली असं मांडलं होतं की आपण दुःखी होतो म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो. शरीर आधी हलतं, त्याची जाणीव म्हणजेच भावना. ती म्हणाली, "आजोबा, त्याच्या हिशेबानं तुमचा चेहरा हलत नाही म्हणजे तुम्हाला आनंद कमी व्हायला पाहिजे. होतो का? खरं सांगा." असा प्रश्न आजवर ना डॉक्टरनं विचारला ना कीर्तनकारानं. मी दोन दिवस मागून घेतले.

उत्तर असं आलं. एकटा असताना, नाही. पहाटे रेडिओवर भीमसेन जोशींचा अभंग लागला तर आत जे भरून येतं ते पूर्वीइतकंच भरून येतं, कदाचित जास्त, कारण दुसरं काही करता येत नाही. माणसांत असताना मात्र आनंद कमी होतो. कुणी विनोद सांगायला लागतो. मला मजा येत असते. पण माझ्या तोंडाकडे बघून त्याचा हुरूप जातो, तो शेवट आवरता घेतो, घसा खाकरतो, "बरं, येतो" म्हणतो. तो उठला की माझ्या मजेला उभं राहायला जागा उरत नाही. आनंद माझ्या आत आटला नव्हता, आमच्या दोघांच्या मधल्या जागेत आटला. भरतमुनींकडे याचंही उत्तर आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस होतो, आणि अनुभाव म्हणजे बाहेर उमटलेली खूण. भाव माझा एकट्याचा असू शकतो, रस एकट्याचा होत नाही. देवाला अनुभाव लागत नसेल. शेजाऱ्याला लागतो, बायकोला लागतो, आणि खरं म्हणजे मलाही त्यांच्या चेहऱ्यावर तो परत आलेला लागतो.

आणि इथे मला आमच्या गौरीचं नवल वाटतं. घरी पितळी मुखवट्याच्या गौरी बसतात, सासूबाईंकडून आलेल्या. मुखवटा तोच, डोळे तेच, नथ तीच. दर वर्षी ज्येष्ठा नक्षत्रावर गौरीची पूजा झाली की माझी पत्नी दोन पावलं मागे सरून बघते आणि ठरवते. "यंदा हसतेय हो." एका वर्षी म्हणाली, "यंदा जरा रुसलीय, सवाष्णीचं काहीतरी राहिलंय," आणि खरंच ओटीचं ब्लाउजपीस राहिलं होतं. पितळेत काही बदललेलं नसतं. बदललेलं असतं ते तिच्यात, आणि ती ते न मागता मुखवट्याला देऊन टाकते. त्याच पूजेला मी शेजारी पाटावर बसलेलो. (पुरणाच्या दिवशी गोळी जेवणाआधी बरीच घ्यावी लागते, डाळीतली प्रथिनं तिच्या आड येतात, पण ते असो.) आरती झाली, कापराचा वास, नात घंटा वाजवतेय, मी आतून काठोकाठ. पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला मेलं कशाचं काही वाटतच नाही का?"

मी तिला म्हणालो, "तिला जे देतेस त्यातलं चिमूटभर मला दे की." ती हसली, मला प्रसाद दिला. पण नंतर विचार करता माझं मलाच हे मागणं पुरेसं वाटेना. गौर काही नाकारू शकत नाही. तिला हसरी म्हणा, रुसलेली म्हणा, ती ऐकून घेते. माझ्यावरही असंच काहीतरी चढवलं तर शेवटी तोच स्थितप्रज्ञ व्हायचा. देवाच्या मूर्तीत आपण भाव घालतो ही श्रद्धा. जिवंत माणसात घातला तर तो आळस, कारण त्याला विचारता येतं. तो 'नाही' म्हणू शकतो.

विचारायला हवं, याला आणखी एक कारण आहे. या आजारात खरीखुरी उदासीही येते, मेंदूतल्या त्याच उलथापालथीतून, आणि ती चेहऱ्याआड बेमालूम लपते. चेहरा पाहून 'उदास आहेत' म्हणणाराही फसतो आणि 'शांत आहेत' म्हणणाराही. बरं, ही फसगत नुसती शेजाऱ्यापाजाऱ्यांची नाही. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या लिंडा टिकल-डेग्नेन यांनी याचा अभ्यास केला, त्यात तैवानचीही माणसं होती. ज्यांचा रोजचा धंदाच रुग्णांचा, असे लोकही हलत्या चेहऱ्याच्या रुग्णांपेक्षा थिजलेल्या चेहऱ्याच्या रुग्णांबद्दल प्रतिकूल ग्रह करून घेतात, असं दिसलं. नातीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. म्हणजे जिन्यात मुलाला विचारणारा पाहुणा एकटा नाही.

कशामुळे झालं, हे मला फार विचारलं जातं. त्यावर दोन मतं कानावर येतात. एक रेयॉनवाल्या जुन्या मित्रांचं. व्हिस्कोस रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याच्या विषबाधेनं पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात हे जगात जुनं ठाऊक आहे. १९३८ साली पेनसिल्व्हेनियातल्या रेयॉन कामगारांची तपासणी झाली, त्यातला मेंदूतज्ज्ञ होता फ्रिडरिश लेवी, ज्याच्या नावानं आमच्या मेंदूत सापडणारे 'लेवी बॉडीज' ओळखले जातात. माझं आयुष्य मात्र हजेरीच्या कागदांत गेलं, त्या खात्यात नव्हे, आणि डॉक्टर तो संबंध जोडत नाहीत, मीही जोडत नाही. दुसरं मत गावाकडच्या वहिनींचं: मागच्या जन्मीचं काहीतरी. वहिनींशी मी वाद घालत नाही. मागच्या जन्मीचा हजेरीपट कुणाच्याच हातात नाही.

या आजाराच्या माणसांचे गट भरतात. मुंबईत डॉ. भीम सिंघल आणि डॉ. मारिया बॅरेटो यांनी २००१ साली संस्था काढली, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ त्याही आधीपासून आहे. अशा एका बैठकीत माझ्या शेजारी एक निवृत्त बँकवाले होते, चेहऱ्याचे गुण माझ्याहून जास्त. त्यांनी खालच्या आवाजात एक चावट विनोद सांगितला. अगदी रंगवून, मध्ये थांबा घेऊन, शेवटपर्यंत. माझा चेहरा हलला नाही, त्यांचाही नाही. ते थांबून राहिले. मी म्हणालो, "फर्मास." ते म्हणाले, "दुसरा त्याहून बरा आहे." समोरून पाहणाऱ्याला दोन म्हातारे कुणाच्या तरी दहाव्याला बसलेत असं वाटलं असेल. इतका हसलो नव्हतो कित्येक दिवसांत! तिथे कुणी कुणाच्या तोंडाकडे पावती मागत नाही. विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. आमचं उत्तर उशिरा येतं. घरी बहुतेक वेळा प्रश्न विचारणाराच तेवढ्यात स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो: "चहा घेणार? नको ना? बरं."

पु. ल. देशपांड्यांनाही पार्किन्सन्स होता. १२ जून २००० रोजी ते गेले. 'बटाट्याची चाळ' एकट्यानं उभी करणारा माणूस. त्यांच्या आत हसू आहे की नाही, अशी शंका महाराष्ट्रात कुणाला आली नसती, इतकं त्यांनी आधीच सगळ्यांकडे ठेवून दिलेलं होतं. आम्ही टाइम ऑफिसवाले. आमचं कुणाकडे काही ठेवलेलं नसतं, आम्हाला रोजचं रोज सांगावं लागतं.

तेव्हा मी आता सांगतो, शब्दांत. आमच्या पिढीच्या पुरुषाला याची सवय नाही. मला राग आला, मला आवडलं, मला तुझी काळजी वाटली, असली वाक्यं आम्ही नाटकात ऐकली. पहिल्यांदा पत्नीला म्हणालो, "आज तू बाजारातून लवकर आलीस, मला फार बरं वाटलं." तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काय हवंय?" आता तिलाही सवय झालीय. कधी कधी स्वतःहून विचारते, "काय वाटतंय?" आणि भाजी निवडत बसून राहते, उत्तर येईपर्यंत.

अडचण एवढीच की आवाजही हळूहळू खोल चाललाय, तोही याच आजाराचा भाग. वाचा शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, मुद्दाम मोठ्यानं बोला, तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल तेव्हा लोकांना जेमतेम ऐकू जाईल. हे आमच्या भजनी मंडळाच्या बुवांच्या कानावर गेलं. टाळ माझ्या हातून सुटल्यापासून मला मंडळात काही काम नव्हतंच. बुवांनी पुंडलिकवरदाचा गजर माझ्याकडे दिला. अभंग संपला की सगळे थांबतात आणि मी एकट्यानं ललकारी द्यायची, मग बाकीच्यांनी उचलायची. मी ठरवून श्वास घेतो, ठरवून तोंड उघडतो, चेहरा जिथल्या तिथे. आवाज पडला तर बुवा मृदंगावर हात ठेवून म्हणतात, "अण्णा, मागच्या ओळीला पोचलं नाही." मग पुन्हा.